ओढ्यातल्या अळ्यांची ओळख

पाण्यात काही वळवळताना दिसले की आपल्याकडे दोन प्रकारची माणसे दोन प्रकारे बोलतात. एक म्हणतो, "पाणी खराब झालं, किडे पडले." दुसरा म्हणतो, "वाहतं पाणी आहे, त्याला काय होतंय!" गंमत अशी की दोघांचेही म्हणणे अर्धेच खरे असते. काही किडे पाणी नासल्याचे चिन्ह असतात, तर काही किडे पाणी चांगले असल्याची साक्ष देतात. आणि एखादा असा निघतो की तो पाण्याचे काहीच बिघडवीत नाही, पण पंख फुटल्यावर घरात शिरून चांगल्या धडधाकट माणसाला अंथरुणाला खिळवतो. या सगळ्यांना 'किडे' या एकाच नावाच्या पोत्यात भरले म्हणजे मित्र कोण आणि वैरी कोण हे कळेनासे होते. मग आपण मित्रांवर औषध ओततो आणि वैऱ्याला घरच्या पिंपात पोसतो. असे होऊ नये म्हणून या पाण्यातल्या अळ्यांची थोडी ओळख करून घेऊ.

ओळख आपल्या बीड जिल्ह्यातल्या ओढ्यांवरच करून घ्यावी हे बरे. या जिल्ह्याची जमीन दोन पायऱ्यांची आहे. उत्तरेला गोदेकाठची सखल, काळ्या मातीची गंगथडी आणि तिच्यावर दक्षिणेला बालाघाटचा डोंगरपट्टा. बिंदुसरा या डोंगरातून निघते, बीड शहरातून जाते आणि पुढे सिंदफणेला मिळते. सिंदफणा मांजरथजवळ गोदावरीत जाते. मांजरा पाटोदा तालुक्यात उगम पावते आणि पूर्वेची वाट धरते. सौताड्याला विंचरणा कड्यावरून उडी घेते, कपिलधारेला डोंगरातून धार कोसळते. याशिवाय नाव नसलेले ओढे-ओहोळ किती, त्यांची गणती नाही. परंतु यांतले बहुतेक ओढे पावसाचे पाहुणे. पाऊस बेताचा, खाली काळा कातळ. तेव्हा आषाढात फुगलेला ओढा दिवाळीनंतर बारीक होतो, मग त्याची धार तुटते आणि मागे उरतात डोह, डबकी आणि कोरडे धोंडे. ही धार तुटण्याची गोष्ट लक्षात ठेवा, कारण पुढे सारा भार तिच्यावर येणार आहे.

आता, पाण्यात वळवळणारा हा जीव मुळात कोण? बहुधा ते कुणा उडणाऱ्या किड्याचे बालपण असते. फुलपाखराची गोष्ट तुम्हाला ठाऊक आहे. अंडे, अळी, कोष आणि मग पंखांचे फुलपाखरू. डास, माशा, पाणभुंगेरे यांची वाढही अशीच चार टप्प्यांत होते. त्यांची अळी मोठ्या किड्यासारखी मुळीच दिसत नाही. दुसरा प्रकार चतुराचा. त्याला कोषाची अवस्था नसते. अंड्यातून निघालेले पिल्लू पाण्यात कात टाकीत टाकीत वाढते, पाठीवर पंखांचे कोंब दिसू लागतात आणि एके दिवशी ते काडीवर चढून शेवटची कात टाकते की चतुर मोकळा. ओढ्याकाठच्या लव्हाळ्यावर चिकटलेली पोकळ, तपकिरी कातडी मुलांनी पाहिलेली असतात. ती या चतुराची जुनी अंगरखी होत.

पाहण्यासाठी मोठी सामग्री लागत नाही. एक पांढरे ताट किंवा परात, चहाची गाळणी, जुन्या धोतराचा हातभर तुकडा आणि मिळाले तर एक भिंग. हंगाम आश्विन-कार्तिकाचा उत्तम. पूर ओसरलेला असतो, पाणी निवळलेले असते आणि धार अजून चालू असते. घोट्याइतक्या पाण्यात उभे राहावे, धोतराचा तुकडा दोघांनी धारेच्या खालच्या अंगाला ताणून धरावा आणि तिसऱ्याने वरच्या अंगाचे दगड पायाने हलवावेत. जे सुटेल ते वाहत येऊन कापडात अडकेल. ते ताटात थोड्या पाण्यात सोडावे आणि दोन मिनिटे मुकाट्याने पाहत बसावे. पांढऱ्या ताटात सगळे आपोआप चालू लागते. पाहून झाले की जीव पाण्यात परत सोडावेत आणि उलटलेले दगड होते तसे ठेवावेत. दगडाची खालची बाजू म्हणजे या मंडळींचे घर आहे. घर उलथून निघून जाणे बरे नव्हे. पुराच्या पाण्यात मात्र उतरू नये, आणि नंतर हात साबणाने धुवावेत.

ताटात जीव आला की त्याला चार प्रश्न विचारा. पाय आहेत का आणि किती? शेपट्या किती? श्वास कशाने घेतो? आणि चालतो कसा? या चार प्रश्नांवर शंभरातल्या नव्वद अळ्यांचे घराणे कळते. नाव-गाव पुढे तज्ज्ञांनी पाहावे.

धारेतल्या दगडापासून आरंभ करू. दगड उलटा केला की एखादा चपटा जीव भर्रकन दुसऱ्या बाजूला पळतो. सहा पाय, मागे सुतासारख्या लांब बहुधा तीन शेपट्या, आणि पोटाच्या दोन्ही बाजूंना पानांसारखे नाजूक कल्ले. हे कल्ले सारखे हलताना दिसले की ओळख पटली. इंग्रजीत याला मेफ्लाय म्हणतात. आपल्याकडे याला सर्वत्र चालेल असे नाव नाही. आपण याला 'एकदिनी' म्हणू. कारण याचे मोठेपण खरोखरच एका-दोन दिवसांचे. पाण्यात काही आठवडे, काही महिने शेवाळ खरवडून खायचे आणि पंख फुटल्यावर मात्र काहीच खायचे नाही, कारण तेव्हा त्याला खाण्यायोग्य तोंडच उरत नाही. लग्न, अंडी आणि शेवट. साऱ्या कीटकसृष्टीत पंख फुटल्यावर पुन्हा एकदा कात टाकणारा हा एकटाच. पावसाळ्याच्या अखेरीस दिव्याभोवती येणाऱ्या किड्यांत पंख उभे मिटून बसणारा, लांब शेपट्यांचा एखादा नाजूक किडा दिसला तर तो बहुधा हाच.

याचा एक भाऊबंद सारखा दिसतो, त्याला दगडमाशी म्हणू. त्याच्या शेपट्या नेहमी दोनच असतात, आणि प्रत्येक पायाला नख्या दोन. एकदिनीच्या पायाला नखी एकच. शिवाय दगडमाशीचे कल्ले पोटाच्या बाजूंना पानांसारखे नसतात. ते असले तर पायांच्या बुडाशी झुबक्यासारखे असतात. ही जात थंड, सावलीतल्या, भरपूर प्राणवायूच्या पाण्याची. सह्याद्रीच्या ओढ्यांत ती भेटते. आपल्या तापणाऱ्या ओढ्यांत तिची आशा फारशी धरू नये.

त्याच दगडाला वाळूची एक बारीक नळी चिकटलेली दिसेल. वाळूचे कण, काडीचे तुकडे एकमेकांना अगदी गवंड्याने जोडावेत तसे जोडलेले. नळी थोडा वेळ ताटात ठेवा. एका टोकातून काळपट डोके आणि सहा पाय बाहेर येतील आणि घर पाठीवर घेऊन स्वारी चालू लागेल. ही कॅडिसची अळी. ही तोंडातून रेशमासारखा धागा काढते आणि त्याने घर बांधते. काही जाती घर न बांधता दोन दगडांमध्ये धाग्याचे जाळे लावतात आणि धारेबरोबर येईल ते अडकवून खातात. माणसाला मासे धरण्यासाठी जाळे सुचण्याच्या कितीतरी आधीपासून हा धंदा चालू आहे.

दगडाच्या ज्या अंगावरून पाणी सर्वांत जोराने उडते तिथे काळपट, बुडाशी फुगीर, बाटलीच्या आकाराच्या बारीक अळ्या दाटीने उभ्या असतात. पाय नाहीत. बुडाने दगडाला घट्ट धरलेले आणि डोक्यावर दोन पंखे उघडलेले. या पंख्यांनी ती पाण्यातले कण गाळून घेते. मोठेपणी हिची ठेंगणी, कुबडी काळी माशी होते. ती गुरांना आणि माणसांनाही चावते, एवढे मात्र खरे.

युरोपात या अळ्यांची पारख गळ टाकणाऱ्यांनी मोठ्या हौसेने केली. तिकडच्या थंड नद्यांतला ट्राउट मासा यांच्यावरच पोसतो, म्हणून तो धरणारे लोक पिसे आणि दोरा गुंडाळून हुबेहूब यांच्यासारखी आमिषे बनवतात. इंग्रजांनी तो मासा काश्मीरच्या पाण्यातही आणून सोडला. आपल्या ओढ्यांचे पाणी त्याला मानवणार नाही. पण आपले लहान मासेही याच पंगतीला बसतात. ओढ्यातल्या अळ्या संपल्या की मासे संपले, आणि मासे संपले की काठावरचा खंड्या आणि बगळा दुसरीकडे उडाला.

आता धार सोडून डोहाच्या काठाशी या. इथला राजा म्हणजे चतुराचे पिल्लू. बुटके, मातकट, मोठ्या डोळ्यांचे, चिखलात दबा धरून बसलेले. हे श्वास घेते शरीराच्या मागच्या टोकातून, आत पाणी ओढून; आणि पळायचे झाले की तेच पाणी जोराने मागे सोडून बाणासारखे पुढे जाते. याचा खालचा ओठ घडी घालून तोंडाखाली ठेवलेला असतो. भक्ष्य टप्प्यात आले की हा ओठ हातासारखा लांब जातो, पकडतो आणि परत येतो. हे इतक्या झटपट होते की डोळ्याला फक्त भक्ष्य नाहीसे झालेले कळते. याचीच सडपातळ बहीण म्हणजे टाचणीचे पिल्लू. तिच्या शेपटाशी पानांसारखे तीन कल्ले असतात. एकदिनीच्या तीन शेपट्यांशी यांची गल्लत करू नका. तिथे सुते, इथे पाने.

या दोघांचे आवडते खाणे कोणते? डासांच्या अळ्या. मोठेपणी तर ते उडते डासही खातात. म्हणून चतुराचे पिल्लू दिसले की "कसला तरी किडा" म्हणून चिरडू नका. ज्या डोहात चतुर आहे, त्या डोहावर बिनपगारी पहारेकरी आहे.

पावसाळ्याच्या सुमारास शेतांवर पिवळसर-तांबूस चतुरांचे थवेच्या थवे उडतात. या जातीचे पिल्लू सुमारे दीड महिन्यात पुरे वाढू शकते. म्हणजे आपल्याकडचे चार दिवसांचे पावसाळी डबकेही त्याला पुरते. हिंदुस्थानातून निघून मालदीववरून समुद्र ओलांडीत हे थवे आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यापर्यंत जातात, असा निष्कर्ष चार्ल्स अँडरसन या अभ्यासकाने २००९ साली मांडला. आपल्या माळावरच्या डबक्यात वाढलेला जीव कुठल्या कुठे जात असेल, याची कल्पनाच केलेली बरी.

डोहात आणखी दोघे भेटतील. पहिला पाणभुंगेऱ्याची अळी. लांबट, सहा पायांची, तोंडाशी विळ्यासारखे दोन जबडे. ती शेपूट वर करून पाण्याच्या पृष्ठभागाला लागते आणि हवा घेते, म्हणून उतावळा माणूस तिला डासाची अळी समजतो. पण डासाच्या अळीला पाय नसतात, हिला स्पष्ट सहा असतात. हीदेखील शिकारी आहे, बोटाला चावाही घेते. तेव्हा तिला गाळणीने उचला. दुसरा पाणविंचू. पुढे पकडीसारखे पाय आणि मागे लांब काटा पाहून मुले ओरडत पळतात. तो काटा म्हणजे नांगी नव्हे, श्वास घेण्याची नळी आहे. तोंडाने मात्र तो चावू शकतो.

आता चिखलाकडे वळू. गावाच्या खालच्या अंगाला, जिथे गटारे ओढ्याला मिळतात तिथला मूठभर चिखल ताटात धुतला की लालभडक, दोऱ्यासारख्या अळ्या आठाचा आकडा काढीत वळवळतात. पाहणाऱ्याला वाटते, या रक्त पिणाऱ्या! तसे काही नाही. चिखलात प्राणवायू कमी असतो. तो धरून ठेवण्यासाठी यांच्या अंगात आपल्या रक्तासारखेच लाल द्रव्य असते, म्हणून हा रंग. यांचे चिलट दिसायला डासासारखे असते, पण ते चावत नाही. याहूनही घाण पाण्यात, शेणखड्ड्याच्या कडेला, उंदरासारखी लांब शेपटी असलेली मळकट अळी दिसते. ती शेपटी म्हणजे श्वासाची नळी. पाण्यात प्राणवायू नसला तरी ती वरून हवा ओढते. मोठेपणी हिची फुलांवर घिरट्या घालणारी, मधमाशीसारखी दिसणारी निरुपद्रवी माशी होते.

एव्हाना तुमच्या ध्यानात आले असेल की पाण्याचा कस आणि त्यातला किडा यांची जोडी ठरलेली आहे. एकदिनीला आणि दगडमाशीला प्राणवायू मुबलक हवा; तो घटला की पहिले उठून जाणारे हेच. लाल अळी मात्र कशातही तग धरते. जर्मनीत कोल्कविट्झ आणि मार्सन या दोघांनी १९०८-०९ मध्ये या गोष्टीला शास्त्रीय घडी घालून दिली. पुढे १९७० च्या दशकात इंग्लंडमध्ये किड्यांच्या घराण्यांना परीक्षेसारखे गुण देण्याची पद्धत बसवली. चपट्या एकदिनीला १० गुण, लाल अळीच्या घराण्याला २, गांडुळासारख्या चिखलकिड्यांना १. आपल्या केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानेही भारतीय नद्यांसाठी असे कोष्टक स्वीकारले आहे. बाटलीत भरून तपासणीला नेलेले पाणी त्या घटकेची गोष्ट सांगते. दगडाखालचा किडा मात्र गेल्या कित्येक दिवसांची गोष्ट सांगतो, कारण तो तिथेच राहत होता. मध्यंतरी कुणी रात्री घाण सोडून गेला असेल तर पाणी वाहून जाते, पण साक्षीदार मेलेला सापडतो.

इथे एक इशारा देणे अगत्याचे आहे. दगडाखाली एकदिनी सापडली म्हणून ओंजळ भरून पाणी पिऊ नका. हगवण, कावीळ, विषमज्वर यांचे जंतू डोळ्यांना दिसत नाहीत आणि त्यांची खबर कोणतीही अळी देत नाही. पिण्याचे पाणी उकळून किंवा क्लोरीन घालूनच प्यावे. किडे सांगतात ते ओढ्याचे आरोग्य, आपल्या घोटाचे नव्हे.

आता त्या खऱ्या वैऱ्याकडे येऊ. २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादेत रोनाल्ड रॉस या डॉक्टराला एका डासाच्या पोटात हिवतापाचे परजीवी सापडले. ठिपकेदार पंखांचा तो डास अॅनॉफिलीस जातीचा होता. सिकंदराबाद तेव्हा निजामाच्या राज्यातली इंग्रजी छावणी, आणि आपला बीड जिल्हाही त्याच निजामाच्या राज्यात. म्हणजे हा शोध आपल्या त्या वेळच्या मुलखातच लागला म्हणायचा. रॉसला १९०२ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

डासाची अळी ओळखायला सोपी. पाय नाहीत, छाती डोक्याहून रुंद, अंगावर केसांचे झुबके आणि चाल झटके देत वाकडीतिकडी. पाण्यावर सावली पाडली की सगळ्या एकदम तळाकडे धावतात. पण तेवढ्यावर थांबू नका. थोडा वेळ स्थिर राहा, त्या श्वासासाठी वर येतील. मग त्या कशा टेकतात ते पाहा.

अळी पाण्याच्या पृष्ठभागाला समांतर, काडी तरंगावी तशी आडवी राहिली तर ती अॅनॉफिलीसची. हिवताप पसरवणाऱ्या घराण्यातली. हिला श्वासाची लांब नळी नसते. अळी शेपटाची लांब नळी पृष्ठभागाला लावून डोके खाली करून तिरपी लोंबकळली तर ती क्यूलेक्सची. गटारे आणि सांडपाणी हे तिचे माहेर, आणि हत्तीरोग पसरवणारा डास याच घराण्यातला. नळी आखूड आणि जाडसर, अळी जवळजवळ सरळ खाली लोंबणारी आणि सापासारखी नागमोडी जाणारी असेल तर ती एडिसची, डेंग्यूवाली. ही घाण पाण्याकडे फिरकत नाही. तिला हवे घरातले साठवलेले, बऱ्यापैकी स्वच्छ पाणी: रांजण, पिंप, सिमेंटचा हौद, टाकून दिलेला टायर.

आता त्या तुटलेल्या धारेची आठवण करा. जोराने वाहणाऱ्या ओढ्यात डासाची अळी सहसा टिकत नाही. धार तिला वाहून नेते. मोठ्या डोहात चतुर, पाणभुंगेरे आणि मासे तिला फार वाढू देत नाहीत. पण धार तुटली की ओढ्याच्या पात्रात लहान लहान खळगे मागे राहतात: खडकातले, वाळू उपसलेले, आणि पाण्यावर उतरलेल्या गुरांच्या खुरांचे. पाणी नितळ, ऊन भरपूर, आणि पहारेकरी एकही नाही. आपल्या ग्रामीण भागात हिवताप पसरवणारा जो मुख्य डास आहे, त्याला असेच खळगे, पाटाच्या कडेची पाझरलेली डबकी आणि बिनवापराच्या विहिरी आवडतात. अंड्यापासून डास व्हायला उष्ण दिवसांत आठ-दहा दिवस पुरतात. आणि चतुराला दीड महिना लागतो. शर्यत इथेच हरली जाते. म्हणून सबंध ओढ्यावर औषध फवारणे हे शहाणपणाचे नाही. त्याने पहारेकरी मरतो, आणि त्याला परत यायला डासापेक्षा फार वेळ लागतो. फावडे घ्यावे, पात्रातले लहान खळगे मुजवावेत किंवा चर काढून डोहाला जोडावेत. गावाजवळच्या अर्ध्या मैलात तरी हे करावे. डोहाला हात लावू नये.

आणि दुसरे, त्याहून महत्त्वाचे. ओढा आटला की पाणी घरात येते. टँकर आठवड्याने येणार म्हणून आपण पिंपे, टाक्या, घागरी भरून ठेवतो, आणि त्यात चूक काही नाही. पाणी नाही तर साठवायचेच. पण ज्या घरात उघडे पिंप आहे, त्या घराने एडिसला आमंत्रण दिलेले आहे. टंचाईच्या गावी डेंग्यू येतो तो असा. दसऱ्या-दिवाळीनंतर ऊसतोडीला जाणाऱ्या मंडळींनी तर हे विशेष लक्षात ठेवावे. कारखान्याच्या आवारात कोपीशेजारी कॅनॉलचा पाझर असतो आणि कोपीच्या दाराशी पाण्याचे पिंप. पहाटे फडावर जाणाऱ्या बाईला पिंप घासायला उसंत कुठची! तरी आठवड्यातला एक दिवस ठरवावा. त्या दिवशी उरलेले पाणी झाडाला किंवा गुरांना घालावे, पिंपाची आतली बाजू घासावी, आणि भरून कापडाने घट्ट बांधावे. घासायचे कशासाठी? कारण एडिस आपली काळी अंडी पाण्याच्या रेषेच्या थोडी वर भिंतीला चिकटवते, आणि ती कित्येक महिने कोरडी राहूनही मरत नाहीत. पुन्हा पाणी भरले की फुटतात. नुसते पाणी ओतून दिल्याने अळ्या जातात, अंडी राहतात. 'कोरडा दिवस' पाळा असे आरोग्यखाते सांगते त्याच्यामागे हा हिशेब आहे. आठवडा ओलांडू द्यायचा नाही, म्हणजे अळीला पंख फुटायला सवडच मिळत नाही.

रिकामा करता न येणारा हौद किंवा बंद पडलेली विहीर असेल तर त्यात गप्पी मासे सोडावेत. आरोग्य केंद्रातून त्यांची माहिती मिळते. मात्र हे परदेशी मासे ओढ्यात किंवा नदीत सोडू नयेत. ते तिथल्या आपल्या लहान माशांच्या आणि अळ्यांच्या वाट्याला हात घालतात.

पाण्यातला बारीक जीव ओळखण्याने काय साधते, याचा दाखला आपल्यापाशी आहे. आपल्या भागात बारवा पुष्कळ. बीडजवळची निजामशाहीत बांधलेली खजाना विहीर तर सर्वांना ठाऊक आहे. पायऱ्यांच्या विहिरींत माणसे थेट पाण्यात उतरत, आणि महाराष्ट्रात अशा कित्येक ठिकाणी नारूचा रोग असे. पायातून हातभर लांब दोऱ्यासारखा जंत निघे. तो पसरवीत असे पाण्यातला एक सूक्ष्म, एकाक्षी जीव; तो कीटक नव्हे, झिंग्याच्या दूरच्या कुळातला. हे एकदा कळल्यावर उपाय सोपा ठरला. पाणी दुपदरी कापडाने गाळा, पाय पाण्यात बुडवू नका, पायऱ्यांच्या जागी काठ बांधून रहाट बसवा. नारूवर लसही नव्हती आणि औषधही नव्हते. तरी १९९६ साली देशातला शेवटचा रोगी नोंदला गेला आणि २००० साली जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त असल्याचे जाहीर केले. एवढे काम मुख्यतः ओळखीने आणि गाळण्याच्या कापडाने केले.

तेव्हा शाळेच्या गुरुजींना आणि बाईंना एक सुचवावेसे वाटते. यंदाच्या कार्तिकात मुलांना गावच्या ओढ्यावर न्या. एक जागा गावाच्या वर निवडा, एक गावाच्या खाली. दोन्हीकडचे ताट भरा आणि वहीत दोन रकाने करा. वर एकदिनी किती, खाली किती. लाल अळ्या कुठे वाढल्या. डासाची अळी कोणत्या खळग्यात, आणि ती आडवी की तिरपी. पुढच्या वर्षी त्याच जागी पुन्हा पाहा. दोन वर्षांच्या दोन पानांवरून ओढा सुधारतो आहे की बिघडतो आहे ते ग्रामसभेत कुणालाही दाखवता येईल. आणि मुलगा घरी जाऊन पिंपाचे झाकण उघडून पाहील, त्याचा लाभ तर त्याच आठवड्यात पदरात पडेल.